नेटबीन्ससाठी सर्व्हर प्लगइन लिहिताना जेएसआर-८८ चा मार्ग धरावा का?

प्रश्न:
आमच्याकडे जेट्टी या जावा वेब सर्व्हरवर बेतलेला एक छोटा सर्व्हर वापरात आहे. अपाची नेटबीन्स या जावा कोड लिहिण्याच्या साधनातील ‘सर्व्हिसेस’ विंडोमध्ये तो टॉमकॅट सर्व्हरप्रमाणे दिसावा, तेथूनच चालू-बंद करता यावा आणि प्रोजेक्ट त्यावर डिप्लॉय करता (म्हणजे चढवून चालवता) यावा, यासाठी प्लगइन लिहायचे आहे. पुढे त्यावर मराठी ट्युटोरियल करण्याचाही विचार आहे. मात्र जुनी ट्युटोरियल्स जेएसआर-८८ वर, म्हणजे सर्व्हरवर ॲप्लिकेशन डिप्लॉय करण्याच्या जावा मानकावर, उभी आहेत आणि जकार्ता ईई ९ या जावाच्या एंटरप्राइज मानकसंचामधून तो भाग वगळला गेला आहे. मग त्या वाटेने जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर १:
आहे, कारण जेएसआर-८८ तुमच्या सर्व्हरने पाळावयाचे नसून प्लगइनने पाळावयाचे आहे. नेटबीन्स तुमच्या प्लगइनशी ‘डिप्लॉयमेंट-मॅनेजर’ या इंटरफेसमधून बोलते; त्यापलीकडे सर्व्हरला एचटीटीपीने आज्ञा द्यायची की वॉर फाइल (वेब ॲप्लिकेशनचे गाठोडे) नुसती ‘वेबॲप्स’ फोल्डरमध्ये टाकायची, हे सर्वस्वी तुमच्या हाती असते. प्लगइनची नोंदणी त्याच्या लेयर फाइलमधील (नेटबीन्सला प्लगइनचे घटक सांगणाऱ्या एक्सएमएल फाइलमधील) ‘जे-टू-ईई/डिप्लॉयमेंट-प्लगइन्स’ या फोल्डरखाली होते. तेथे फॅक्टरीचा (डिप्लॉयमेंट-मॅनेजर तयार करून देणाऱ्या वर्गाचा) यूआरआय उपसर्ग इतर कोणत्याही सर्व्हरशी जुळणार नाही असा ठेवावा.

एका गोष्टीकडे जुनी ट्युटोरियल्स फारसे लक्ष देत नाहीत, ती म्हणजे सर्व्हर बंद असतानाची स्थिती. प्रोजेक्ट कंपाइल करण्यासाठी सर्व्लेटची (जावा वेब ॲप्लिकेशनच्या मूळ घटकाची) जार लायब्ररी फाइल कोठे आहे हे नेटबीन्स सर्व्हर बंद असतानाही विचारते, त्यामुळे ‘डिस्कनेक्टेड’ मॅनेजर (सर्व्हरशी न जोडलेला डिप्लॉयमेंट-मॅनेजर) आणि ‘प्लॅटफॉर्म’ची माहिती देणारा वर्ग हे दोन्ही इन्स्टॉलेशनच्या फोल्डरवरूनच उत्तर देऊ शकले पाहिजेत. नमुन्यासाठी नेटबीन्सच्या मूळ कोडमधील ‘एंटरप्राइज’ फोल्डरातला टॉमकॅटचा मोड्यूल वाचावा. ओरॅकलच्या वेबलॉजिक सर्व्हरचा मोड्यूल सुरुवातीला उघडूही नये, कारण त्याचा पसारा तुमच्या गरजेच्या कितीतरी पुढचा आहे.

उत्तर २:
वरील उत्तराला एक पुरवणी. सर्व्हर सुरू करणाऱ्या मेथडने ‘प्रोग्रेस-ऑब्जेक्ट’ (कामाची प्रगती कळवणारा ऑब्जेक्ट) ताबडतोब परत द्यावा आणि खरे काम वेगळ्या थ्रेडवर करावे. काम संपल्याची घटना पाठवली नाही, तर खालची प्रगतीपट्टी फिरतच राहते. शिवाय पोर्ट उघडले म्हणजे सर्व्हर तयार झाला असे समजू नये, कारण ॲप्लिकेशन त्यानंतरही लोड होत असू शकते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ट्युटोरियलची सुरुवात लेयर फाइलपासूनच करू का?

उत्तर १:
माझ्या मते करू नये. आधी फक्त सर्व्हरचे नाव यादीत दिसेल एवढाच मोड्यूल चालवून दाखवावा, मग चालू-बंद आणि शेवटी डिप्लॉयमेंट घ्यावे. प्रत्येक टप्प्याला नेटबीन्सची आवृत्ती व जेडीके (जावा डेव्हलपमेंट किट) लिहावे. ओरॅकलने २०१६ मध्ये नेटबीन्स अपाचीकडे सोपवल्यानंतर तिकडे आलेल्या अनेक जुन्या ट्युटोरियल्सवर ‘पुनरावलोकन आवश्यक’ अशी सूचना लागली होती, आणि तुमच्या लेखावरही कालांतराने तीच वेळ येईल. तेव्हा तपासणाऱ्याला निदान कशाशी ताडून पाहायचे ते कळेल.