अनुभव धागा: पदरमोड करून नाटक करणाऱ्यांनो, तारखा, परवानग्या आणि मानधनाबद्दल लिहा

ज्यांच्या नाटकामागे निर्माता नाही, जे तालमीची जागा स्वतः शोधतात, भाडं स्वतः भरतात आणि प्रयोग संपल्यावर सेटही स्वतःच टेम्पोत चढवतात, त्यांच्यासाठी हा धागा आहे.

शासनाचे, पालिकांचे नियम आणि अर्ज वाचताना मला सारखं जाणवतं, की ते लिहिणाऱ्यांना नाटकवाल्यांचे दोनच प्रकार माहीत आहेत. एक मोठ्या बॅनरचं व्यावसायिक नाटक आणि दुसरं राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारं हौशी मंडळ. या दोहोंच्या मधोमध, छोट्या जागांमध्ये वर्षभर प्रयोग करणारे जे आहेत, त्यांच्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही. हे फक्त मला वाटतंय की तुम्हालाही, ते जाणून घ्यायचंय. नाट्यगृहाचं, अधिकाऱ्याचं नाव नको. काम नेमकं कुठे अडलं ते लिहा आणि वाट सापडली असेल तर तीही सांगा.

लेखक-दिग्दर्शक, मुंबई

सेन्सॉरपासून सुरुवात करतो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आणि प्रमाणपत्र हातात आल्यावरच जाहीर प्रयोग लावायचा, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यावर बोलणंच बंद झालंय. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा रद्द झाला तेव्हा ओळखीच्या बऱ्याच जणांना वाटलं, सुटलो! पण आपल्याकडची पूर्वपरवानगी १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधारानं चालते. त्यातलं कलम ३३ सार्वजनिक करमणुकीचे नियम करण्याचा अधिकार पोलिसांना देतं. म्हणजे नाटक या राज्यात आजही बंदोबस्ताचा विषय आहे. अमोल पालेकरांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात या पूर्वपरीक्षणाला आव्हान दिलं. त्याआधी १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकासाठी त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले होते, आणि त्यांच्या बाजूनं निकालही लागला. तरी पद्धत तीच राहिली.

आमचा गट तालमीतून नाटक बांधतो. आधी लिहून काढलेली संहिता नसते, आणि प्रयोग होत जातात तसं नाटक बदलतं. मंडळाला द्यायचं काय? एका टप्प्यावर जे होतं ते टंकून दिलं. वाचणाऱ्यांनी एक शब्दही कापला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण प्रमाणपत्र येईपर्यंत ठरलेली तारीख निघून गेली आणि नाट्यगृहाचं भाडं परत मिळालं नाही. पैसेवाला निर्माता असा फटका सोसू शकतो, आमचे पुढचे दोन महिने त्यात गेले. शिवाय मंजूर संहितेबाहेरचं वाक्य रंगमंचावर आलं आणि कुणी तक्रार केली तर काय, ही धास्ती नटांच्या मनात राहते ती राहतेच. तालमीत ते नको तिथे थबकतात. हे नुकसान मोजता येत नाही, पण मला ते रोज दिसतं.

झाडीपट्टीतला नट, गडचिरोली जिल्हा

झाडीपट्टी म्हणजे आमचा पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा. शहरातल्या लोकांना इथली रंगभूमी वडसा या गावाच्या नावानं थोडीफार माहीत असते. २०२३ मध्ये आमच्या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाल्यावर अनेकांनी पहिल्यांदा विचारलं, झाडीपट्टी म्हणजे काय हो?

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक होतं. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक मंडपात, उघड्यावर. लोक जेवूनखाऊन येतात, त्यामुळे पडदा उशिरा वर जातो आणि पहाटेच पडतो. आमच्या पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या.

आता नियम बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. त्यातून बंदिस्त सभागृहांना सूट आहे. मुंबईचं नाट्यगृह चार भिंतींत आहे म्हणून नियमाबाहेर, आणि आमच्याकडे भिंत नाही म्हणून आम्ही नियमात. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस मोठ्या सणांना जातात. आणि बाराला आमचा पहिला अंक कसाबसा संपलेला असतो.

म्हणून सगळा कारभार ठाण्यातल्या मर्जीवर चालतो. एखादे साहेब समजून घेतात, आवाज कमी ठेवा म्हणतात, आम्हीही ठेवतो. एखादे मध्यरात्री येऊन माइक बंद करतात. दोन-तीन हजार माणसं मंडपात बसलेली असतात आणि गावच्या मंडळानं आम्हाला प्रयोगाची सुपारी, म्हणजे ठरलेली रक्कम, दिलेली असते. नाटक अर्धवट राहिलं की मंडळ पैसे कापतं, मग नाटक कंपनी नटाची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, कापते. निवडणुकीची आचारसंहिता हंगामात आली तर परवानगीसाठी आणखी खेटे. बंदोबस्ताला माणूस नाही म्हणून नाटकच नको, असंही ऐकून घेतलंय.

आजारी माणसाला, परीक्षेच्या पोरांना आवाजाचा त्रास होतो, हे आम्हाला मान्य आहे. नियम काढून टाका असं कोणीच म्हणत नाही. मंडई वर्षातून एकदाच येते, तिची तारीख गावाला आधीच ठाऊक असते. त्या एका रात्रीची परवानगी ग्रामसभेच्या ठरावावर, आवाजाची मर्यादा घालून, जिल्ह्यातून महिनाभर आधी मिळावी. एवढं झालं तर हजारो घरांची चूल निर्धास्त पेटेल. नट आहेत, वादक आहेत, पडदे रंगवणारे आहेत, आणि मंडपाबाहेर चहा-भजी विकणारी बाईसुद्धा त्याच रात्रीवर अवलंबून आहे.

प्रायोगिक गटाचा हिशेब बघणारी, पुणे

जीएसटीबद्दल खूप गैरसमज दिसतात, म्हणून लिहिते. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. २०१७ मध्ये ही मर्यादा २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये ती वाढवली. आमचं तिकीट त्यापेक्षा बरंच कमी असतं, म्हणजे आम्ही सुखात असायला हवं. पण भाड्यानं आणलेल्या लाइट्सच्या बिलावर अठरा टक्के, सभागृहाच्या पावतीवर अठरा टक्के. तिकीट करमुक्त असल्यामुळे या भरलेल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो.

दुसरी गोष्ट. लोककला आणि शास्त्रीय कलाप्रकार सादर करणाऱ्या कलाकाराला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे. आधुनिक नाटकातला नट त्या व्याख्येत बसत नाही. वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीच लागत नाही हे खरं, पण कॉलेजं आणि कंपन्या प्रयोगासाठी बोलावताना जीएसटी क्रमांक मागतात, नसेल तर दुसऱ्याला बोलावतात.

(धागाकर्ती: वजावटीचा मुद्दा मलाही नीट माहीत नव्हता. छोट्या गटांना निदान पालिकेच्या सभागृहाच्या भाड्यात तरी सवलत हवी, ही मागणी यातून थेट निघते.)

अभिनेत्री, मराठवाडा

थोडक्यात लिहिते. दौऱ्यावर मेकअप रूमच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, कडी नसते, दिवा नसतो. पाळीच्या दिवसांत दोन अंकी नाटक करताना मी दुपारपासून पाणी प्यायचं बंद करते. आमच्या गटातल्या एकीला याच सवयीनं मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. नाट्यगृहांच्या नूतनीकरणाची निविदा निघते तेव्हा खुर्च्या आणि दर्शनी भाग येतो. रंगमंचामागची बाजू बघायला समितीत एक तरी नटी घ्या.

नेपथ्यकार, कोल्हापूर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे, त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं हे पॅलेस थिएटर. त्या रात्री रस्त्यावर म्हातारी माणसं रडत होती, मीही होतो त्यांत. पुनर्बांधणी जाहीर झाली, तिचं स्वागत. माझा प्रश्न वेगळा आहे. नाट्यगृह बंद पडतं तेव्हा त्यावर पोट असलेल्यांचं काय करायचं, याची कुठल्याच शहरात तरतूद नसते. परळचा दामोदर हॉल पुनर्विकासासाठी बंद झाला तेव्हाही हाच प्रश्न होता. पर्यायी जागा आधी दाखवा, मग कुलूप लावा, असा नियमच हवा.

संगीतकार, फोंडा

गोव्यातून भर घालतो. पणजीची कला अकादमी, चार्ल्स कोरियांची वास्तू, नूतनीकरणासाठी बंद होती. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. नोव्हेंबरात वास्तू उघडली, पण ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल कलाकारांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. काम सुरू होण्याआधी तिथं वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांना, दिवे लावणाऱ्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यातलं बरंच कागदावरच दुरुस्त झालं असतं.

नाट्यशिबिरं घेणारा, ठाणे जिल्हा

जागेबद्दल. हजार खुर्च्यांचं नाट्यगृह आम्हाला नकोच असतं, ऐंशी-शंभर माणसं बसतील अशी खोली हवी असते. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जे प्रयोग झाले, त्यांवर आपली प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली. पुढे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं माहीमच्या पालिका शाळेतून काम केलं. पालिकांच्या किती शाळा संध्याकाळी बंद असतात! विजेचा खर्च आणि शिपायाचा भत्ता घेऊन त्यांची सभागृहं तालमीला, प्रयोगाला द्या. आमच्याकडच्या एका शाळेनं हे तोंडी मान्य केलं, पण वरून लेखी आदेश नाही म्हणून मुख्याध्यापिका पुढे जाऊ शकल्या नाहीत. त्यांना दोष नाही. आदेश एका पानाचा आहे, तो काढणारं कुणी हवं.

प्रकाशयोजनाकार, नाशिक

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेनं उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, मग थेट २२ ऑक्टोबर २०२१. आमचे रंगमंच कामगार त्या काळात भाजी विकत होते, सुरक्षारक्षक झाले. मदतीच्या याद्या बनल्या तेव्हा पहिला प्रश्न आला, तुम्ही कलाकार आहात याचा पुरावा काय?

हाच प्रश्न ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनालाही अडवतो. शासन आता महिन्याला ५,००० रुपये देतं आणि ते पुष्कळांना आधाराचे आहेत. पण अर्जाला कात्रणं, निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रं जोडावी लागतात. नटाकडे ती असतात. तीस वर्षं पडदा ओढणाऱ्याचं किंवा रंगभूषा करणाऱ्याचं नाव जाहिरातीत कधी छापलंच गेलेलं नसतं. मी अशा एका मामांचा अर्ज भरायला बसलो. त्यांच्यापाशी हाताला पडलेल्या घट्ट्यांशिवाय दाखवायला काहीच नव्हतं. शेवटी तीन जुन्या दिग्दर्शकांची पत्रं मिळवली, त्यावर काम झालं.

तेव्हापासून आमचा गट प्रत्येक प्रयोगाला रंगमंचामागच्या सगळ्यांची नावं पत्रिकेत छापतो आणि वर्षाअखेरीस प्रत्येकाला दाखला देतो. त्यावर नाव, काम, प्रयोगांच्या तारखा, नाट्यगृह, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का असतो. दाखल्याचा नमुना हवा असेल त्यांनी सांगा, पाठवतो.