चर्चच्या नोटिशीतला ‘एच.सी.’ आणि मावशींची दशम्यांची पिशवी

सोलापूरची_सेक्रेटरीण:
प्रश्न एका ओळीचा आहे, पाल्हाळ माझं.

सोलापूरच्या एका सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चची मी नवी सेक्रेटरी. माहेर नगरचं, अँग्लिकन. सासर पक्कं अमेरिकन मिशनचं. १९७० साली या सगळ्या मंडळ्या नागपुरात एक झाल्या खऱ्या, पण आमच्या घरात अजून एकाच गोष्टीला दोन शब्द चालतात. माझे वडील ‘एच.सी.’ म्हणायचे, म्हणजे होली कम्युनियन, येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घ्यायची उपासना. सासूबाई म्हणतात प्रभुभोजन. माहेरची सवय, मी ग्रुपवर टाकलं: “रवि. स. ७.३० वा. एच.सी. सर्व सभासदांनी वेळेवर हजर राहावे.”

रविवारी सहा वाजता कुलूप काढायला गेले तर फाटकाशी आमच्या मंडळीतल्या मावशी उभ्या. वय शहात्तर. ठेवणीतली इरकल, पायात बूट, हातात पिशवी. पिशवीत दशम्या, शेंगाचटणीचा डबा, पाण्याची बाटली आणि वर घडी घातलेली सोलापुरी चादर.

“गाडी कुठंय गं?”
“कुठली गाडी, मावशी?”
“कोल्हापूरची! हायकोर्टात हजर राहा म्हणून तूच लिवलंस की.”

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच सुरू झालं, त्यात आपला जिल्हाही आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीत एच.सी. म्हणजे तेच. त्यात जागेची केस नाही असं चर्च दाखवा मला. मी म्हटलं, मावशी, आज रविवार, कोर्ट बंद. तर म्हणतात, “म्हणूनच आज निघायचं. सांगोला-मिरज करत जायचं म्हणजे दिवस जातो. सकाळी कोर्टाच्या दारात नको का आपण?” यावर काय बोलणार! चूक माझी, हिशोब त्यांचा बरोबर.

दशम्या उपासनेनंतर सगळ्यांनी खाल्ल्या. आता प्रश्न: नोटिशीत एच.सी. ठेवू की प्रभुभोजन लिहू? ‘प्रभुभोजन’ लिहिलं की माझ्या माहेरकडचे दोन काका “आपली भाषा गेली” म्हणून तोंड पाडतात. तुमच्याकडे काय करतात?

नगरी_नातू:
ताई, तुम्ही नगरच्या, तुम्हाला पटेल. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘एस.पी.जी. मिशन’ लिहिलेलं. लंडनला १७०१ साली निघालेली ती मिशनरी सोसायटी. माझ्या पोराने शाळेत छातीठोक सांगितलं, पणजोबा एस.पी.जी.त होते, पंतप्रधानांच्या मागे काळा चष्मा लावून चालायचे. ते एस.पी.जी. १९८५चं. तोवर पणजोबा देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई घरी फोटो मागायला आल्या तेव्हा कळलं.

पूर्वभाग_टॉवेलवाला:
मी ख्रिस्ती नाही, पण या धाग्यात माझा गुन्हा नोंदवतोच. आपलं एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. जास्त काम लग्नाच्या टॉवेल-चादरींचं, त्यावर नाव घालायचं. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा पांढरं कापड आणि चिठ्ठी ठेवून गेला. चर्चच्या वेदीचं कापड, चिठ्ठीवर तीन अक्षरं: आय.एच.एस. मला वाटलं देणगीदार. मोठा माणूस असणार, नाव लपवतोय. नुसती आद्याक्षरं बरी दिसेनात, म्हणून आपल्या पद्धतीने सोनेरी दोऱ्यात घातलं: ‘श्री. आय. एच. एस. यांच्याकडून सप्रेम भेट’. दोन्ही बाजूंना एकेक मोर. मोराचे पैसे लावले नाहीत.

पाद्रीसाहेब स्वतः आले. कापड उलगडलं, खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग समजावलं, येशूचं नाव ग्रीकमध्ये लिहिलं की त्यातली ही पहिली तीन अक्षरं. म्हणाले, “श्री बरोबर आहे हो. ‘यांच्याकडून’ ऐवजी ‘यांना’ पाहिजे होतं.”

उसवून बघितलं, पण दाट टाके, कापडाला चाळणीसारखी भोकं पडली. नवं कापड माझ्या खर्चाने. जुनं अजून दुकानात इस्त्रीच्या टेबलावर आहे.

सिव्हिल_सातरस्ता:
मी सध्या इंग्लंडात, मूळचा सात रस्त्याचा. इथल्या चर्चमध्ये पी.सी.सी. म्हणजे पॅरोकियल चर्च कौन्सिल, निवडून दिलेली कमिटी. मी सिव्हिलवाला. माझ्यासाठी पी.सी.सी. म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट, एकास चार आठ. पहिल्याच महिन्यात व्हिकरबाई, म्हणजे इथल्या पाळक, म्हणाल्या, आपली पी.सी.सी. फार कमजोर झालीय, नवीन भर हवी. मी गंभीरपणे म्हटलं, आधी जुनी फोडावी लागेल. बाईंना ते इतकं पटलं की मला उभंच केलं. निवडून आलो. अजून काही फोडलेलं नाही.

चटणी_कडक:
@पूर्वभाग_टॉवेलवाला मोरांचा फोटो टाका.

जुना_टाइपरायटर:
बाई, एच.सी. सोडा, आमच्या जुन्या पाळकसाहेबांचं ‘डी.व्ही.’ ऐका. लॅटिन आहे, देवाची इच्छा असल्यास. याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात सांगितलंय ना, प्रभूची इच्छा असेल तर हे करू, ते करू असं म्हणावं. साहेब प्रत्येक नोटिशीखाली लिहायचे: “सहल शनिवारी पहाटे ५ वा. निघेल, डी.व्ही.” आमच्यात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे डी.व्ही.च म्हणत. शुक्रवारी रात्री त्यांच्या दारात चाळीस माणसं: गाडी कुठल्या चौकात थांबणार, पोराचं अर्धं तिकीट का पूर्ण? त्या बिचाऱ्यांनी सहलीला नावही दिलं नव्हतं. पण माणूस भला, रात्रीतून फळ्यावर यादी केली, पहाटे हजेरी घेतली. पुढची अकरा वर्षं सहल तेच नेत होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: प्रभुभोजन लिहा. काकांना दशमी द्या.

सोलापूरची_सेक्रेटरीण:
सगळ्यांचे आभार. या रविवारी ‘प्रभुभोजन’ असं पूर्ण लिहिलं. मोठ्या काकांचा सकाळीच फोन: “जेवणाला किती वाजता यायचं? पावती फाडायची का?” मुद्दाम विचारत होते, आवाजातच कळत होतं.

मावशींचं वेगळंच. केस नसेना का, म्हणतात, रंकाळा बघायचा राहिलाय, दशम्या परत करते. सत्तावीस नावं आलीत. डी.व्ही. साहेब अजून आहेत का हो?

जुना_टाइपरायटर:
आहेत. नंबर मेसेजमध्ये पाठवतो. पण आधी तारीख ठरवा, ते लगेच यादी करायला घेतात.