प्रतिसाद: उंची कमी म्हणूनच मुली हरतात का?

वर एकांनी लिहिलंय, की आशियाई स्पर्धेत बास्केटबॉलमध्ये आपल्या मुली कमी उंचीमुळे मागे पडतात. मला हे पटत नाही. २०२३ मध्ये हांगझौला उत्तर कोरियाकडून उपांत्यपूर्व फेरीत आपण हरलो. त्यांची पाक जिन आ २०५ सेंटिमीटरची, तिला अडवणं अवघडच होतं, हे मान्य. पण त्याच स्पर्धेचा अंतिम सामना आठवा: चीन ७४, जपान ७२! जपानच्या मुली काही ताडमाड नाहीत. पळून पळून समोरच्याला दमवायचं, मोकळी जागा मिळाली की लांबून तीन गुणांचा फेक. याच खेळावर त्यांनी २०१३ ते २०२१ सलग पाच आशिया चषक जिंकले, टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यही घेतलं.

मी कोल्हापुरात शाळेच्या संघातून सहा वर्षं खेळले. उन्हात तापलेलं सिमेंटचं कोर्ट, अख्ख्या संघात दोन चेंडू. लांबून फेकायचा सराव होणार कधी? पेठांमधल्या फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण मुलींच्या बास्केटबॉलला आई-वडीलसुद्धा येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. पुण्याची शिरीन लिमये भारतासाठी खेळली. आपल्या पोरींतही तेवढी धमक आहे, मी बघितलीय.