बागेतली आगगाडी: उन्हाळ्यात रूळ वाकले, पावसात खचले, आता परत कसं घालू?

कसारा_बँकर
नमस्कार मंडळी. नाशिकला घरामागे थोडी जागा आहे, तिथे गेल्या दिवाळीत लेकीच्या नावाखाली (खरं तर स्वतःच्याच हौसेने) छोटी रेल्वे घातली. जी स्केल (बागेतल्या गाड्यांचं मोठं माप), ४५ एमएम गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर, पितळी रूळ, साधारण १४ मीटरचा लंबगोल, दोन्ही टोकांना ६०० एमएम रेडियसचे कर्व्ह. जमीन सपाट करून सरळ मातीवर बारीक खडी पसरली आणि वर ट्रॅक ठेवला, एवढंच.

पहिले दोन महिने मजा आली मग जानेवारीपासून इंजिन लांबच्या टोकाला गेलं की रडायला लागायचं, दिवा मंद, मग ठप्पच. मित्र म्हणाला सांध्यात करंट जात नाहीये, सगळे जॉइंट सोल्डर करून टाक. केले. गाडी काय पळाली राव! आणि एप्रिलमध्ये एक दिवस दुपारी बघतो तर सरळ रूळ नागासारखा वळलेला. तो कसाबसा सरळ केला तर पावसाळ्यात एक बाजू वर उचलली गेली, दुसरी खचली, आता प्रत्येक फेरीला डबे पडतात. माती काळी आहे आमची. बायको म्हणते तेवढ्या जागेत मेथी लावली असती तर आतापर्यंत चार वेळा भाजी झाली असती.

आता सगळं उपसून परत घालायचंय. खाली काँक्रीट करू का? बॅटरीवर जाऊ का? आणि मनात माथेरानसारखा घाट करायचाय, ४५ एमएमवर जमेल का?

निवृत्त_पीडब्ल्यूआय
तुमची पोस्ट वाचून इतका हसलो की चहा सांडला, राग मानू नका. ३४ वर्षं रुळावर काढली आणि तुम्ही वर्षभरात आमच्या खात्याचे सगळे आजार घरी आणलेत.

आधी एप्रिलचं बघू. १० मीटर पितळ ५० अंशांनी तापलं तर साडेनऊ मिलिमीटर वाढतं. नाशिकच्या थंडीतली पहाट आणि एप्रिलची भर दुपार, उन्हात पडलेल्या धातूला ५० अंशांचा फरक सहज पडतो. तुम्ही सगळे सांधे जाम केलेत, मग ते साडेनऊ मिलिमीटर जाणार कुठे? बाजूला. आम्ही याला बकलिंग म्हणतो. तुम्ही म्हणाल खऱ्या रेल्वेतही रूळ वेल्ड करतातच की. करतात, पण तिथे एकेक सिमेंटचा स्लीपर अडीचशे किलोच्या वर असतो आणि भोवती खडीचा ढीग, त्या वजनाने रूळ जागेवर दाबून धरला जातो. तुमचे प्लास्टिकचे स्लीपर कावळा बसला तरी हलतात. तेव्हा सोल्डर काढा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) सैल ठेवा, आत्ताच्या हवेत प्रत्येक सांध्याला पोस्टकार्ड जाईल एवढी फट सोडा, आणि करंटसाठी सांध्यावरून वायरचा छोटा तुकडा थोडा ढिला वाकवून दोन्ही रुळांना डाग द्या. रूळ सरकला तरी वायर तुटत नाही. शिवाय लांबच्या टोकाला वेगळी फीडर वायर न्या, एकाच ठिकाणाहून १४ मीटर करंट ढकलू नका.

आता खरा गुन्हेगार, काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तिच्यावर तुम्ही काँक्रीटचा पातळ पट्टा टाकलात तर तोही तडकेल आणि मग दुरुस्तीला छिन्नी लागेल. काँक्रीट नकोच. फूट-सव्वा फूट खोल चर खणा, काळी माती बाहेर, तळाला बाहेरच्या बाजूला उतार द्या म्हणजे पाणी तुंबणार नाही, मग मुरूम थराथराने टाकून पाणी मारून धुम्मस करा. वर तीन इंच क्रशरची कच, आणि त्यात ट्रॅक नुसता बसवा, खिळे-स्क्रू काही नाही. तो तरंगता राहिला पाहिजे. गोल वाळू घेऊ नका, धारदार कच एकमेकांत अडकते, गोल दाणे घरंगळतात. लेव्हल गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, मी ३४ वर्षांनंतरही ठेवत नाही.

डोंबिवलीकर_जर्मनीत
काकांना दंडवत, पण करंटच्या बाबतीत मी वेगळं सांगेन. इथे ही गाडी १९६८ पासून बागेसाठीच म्हणून विकली जाते, शेजारच्या आजोबांकडे बर्फातसुद्धा चालते, तरी तेही दर वेळी गाडी काढायच्या आधी रूळ घासत बसतात. पितळ काळं पडतं आणि तो थर करंट अडवतो. कुणी चिंच सांगेल तर ऐकू नका, तिचा आंबटपणा सांध्यात राहतो आणि हिरवं धरतं. लोखंडी काथ्या तर अजिबात नको, त्याची कुसळं मोटारच्या मॅग्नेटला चिकटतात. भांड्याची हिरवी घासणी लाकडाच्या ठोकळ्याला बांधा, बास.

किंवा सरळ बॅटरी. इंजिनामागच्या मालडब्यात ४ लिथियम सेल सिरीजमध्ये, १४.८ व्होल्ट, संरक्षक सर्किट लावूनच, आणि एक रेडिओ रिसीव्हर. मग रूळ फक्त वाट दाखवायला, काळे पडोत नाहीतर हिरवे. चार्जिंग मात्र डबा घरात आणून, डोळ्यासमोर.

माथेरानचं म्हणाल तर जी स्केलची गाडी खरीच्या २२.५ पट लहान, त्या हिशेबाने ४५ एमएम म्हणजे खऱ्यातलं मीटर गेज, रुळांत एक मीटर अंतर. नेरळ-माथेरान दोन फुटी आहे, त्यासाठी ३२ एमएमचा ट्रॅक आणि खऱ्या एका फुटाला १६ एमएम हे माप बरोबर बसतं. आणि घाटाची हौस जरा आवरा, तिथे २० ला १ चा चढ आहे, तुमचं इंजिन जागेवर चाकं फिरवत बसेल. मीटरला २ सेंटिमीटरच्या वर जाऊ नका.

परसदार
मी कोकणातली, आमच्याकडे जांभा त्यामुळे खचण्याचा त्रास नाही पण पावसात आठ दिवसांत रूळ गवतात गायब होतात. दुर्वा जवळ येऊ देऊ नका, खडीखालून कुठूनही डोकं काढते. झाडं म्हणून जेडच्या फांद्या लावा, छाटून छाटून वडासारख्या दिसतात, आणि कडेला चिनी गुलाब. बोगद्याची दोन्ही तोंडं रात्री जाळीने बंद करा. आमच्या बोगद्यात मुंगसाच्या पिल्लांनी संसार थाटला होता, महिनाभर वाहतूक स्थगित.

कसारा_बँकर
धन्यवाद सगळ्यांचे!! बॅटरीच करतो, वायरचे तुकडे वाचले. चर खणायला उद्या माणूस येतोय, बायकोने अट घातलीय की निघालेली काळी माती मेथीच्या वाफ्यात जाणार. एक शंका काका, पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक तसाच ठेवू की उचलू?

निवृत्त_पीडब्ल्यूआय
पहिल्या पावसाळ्यात भराव बसतोच, कितीही धुम्मस करा. ट्रॅक राहू दे पण गाड्या बंद. माथेरानची खरी गाडीसुद्धा पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही, तुम्हाला कसली लाज? दसऱ्याला लेव्हल बघा, खचलं असेल तिथे स्लीपरखाली कच सारून पॅकिंग करा आणि मग हिरवा झेंडा. बॅटरी लावलीत तरी सांध्यातली फट सोडायची विसरू नका हं, उन्हाला तुमच्या बॅटरीशी काही देणंघेणं नाही.