ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने आणि घरात आतड्याचा कर्करोग : मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी वाढत्या अंगाचा म्हणून शिवून घेतलेला तिचा गणवेश खालची दुमड न उसवता आजही तिला बसतो, आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते त्यामुळेच. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय साडेपाच निघाले, औषध देऊन हार्मोन वाढते का हे पाहणाऱ्या दोन्ही उत्तेजन चाचण्यांत ग्रोथ हार्मोन पुरेसे वाढले नाही, एमआरआय मात्र व्यवस्थित आला. आता रोज रात्री एक इंजेक्शन, आणि तेही काही वर्षे, असा सल्ला मिळाला आहे. खर्चाची तजवीज झाली आहे, त्यामुळे तो विषय येथे नको.

अडचण अशी की माझ्या आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर ती आता बरी आहे, पण "जे औषध पोरीला वाढवेल ते गाठही वाढवेल" हे तिचे म्हणणे तिने सोडलेले नाही. वाचायला बसलो तेव्हा ते अगदीच भाबडे नाही असे दिसले. हे हार्मोन शरीराला आयजीएफ-१ नावाचे वाढीचे दुसरे संप्रेरक तयार करायला लावते, आणि आयजीएफ-१ पेशींच्या विभाजनाला चालना देते. इक्वाडोरमध्ये ज्यांच्या शरीरात या हार्मोनचा ग्राहकच (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर हार्मोन जेथे चिकटते तो भाग) काम करत नाही अशा सुमारे शंभर बुटक्या लोकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात कर्करोगाचा एकच रुग्ण होता आणि तोही दगावला नाही. याउलट १९५९ ते १९८५ या काळात ब्रिटनमध्ये हे हार्मोन घेतलेल्या १,८४८ जणांच्या २००२ च्या अभ्यासात नेमका मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाच धोका वाढलेला आढळला. तेथे पोहोचल्यावर मी लॅपटॉप मिटला.

आजीच्या आजारामुळे नातीचा निर्णय बदलावा का, आणि उपचार सुरू केल्यास कशावर लक्ष ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला तपासल्याशिवाय निर्णय सांगता येणार नाही, परंतु लॅपटॉप थोडा लवकर मिटलात. त्या ब्रिटिश अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाने झालेले मृत्यू दोन होते. सर्वसामान्य लोकांवरून तेवढ्या जणांत अपेक्षित असलेली मृत्यूंची संख्या अतिशय लहान असल्यामुळे तिच्या तुलनेत प्रमाण मोठे दिसते. शिवाय ते हार्मोन मृतांच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथींतून काढलेले होते आणि बहुधा आठवड्यातून दोन-तीनदाच दिले जाई. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा आजार त्यातून पसरल्याचे उघड झाल्यावर १९८५ मध्ये त्याचा वापर थांबला. आजचे हार्मोन प्रयोगशाळेत बनते.

या नव्या हार्मोनविषयी युरोपातील आठ देशांच्या सुमारे २४,००० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. ज्यांना केवळ हार्मोनची कमतरता किंवा खुंटलेली वाढ एवढ्याच कारणासाठी उपचार मिळाले, त्यांच्यात कर्करोगाचा एकूण धोका वाढलेला नव्हता. ज्यांना आधी कर्करोग होऊन गेला होता, त्यांच्यात मात्र रोजचा डोस वाढेल तसे कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. हाडांच्या व मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी काही शंका तेथेही उरल्या आहेत. माझ्या मते खरी मर्यादा वेगळीच आहे : लहानपणी हे हार्मोन घेतलेली पहिली पिढी आतड्याच्या कर्करोगाच्या नेहमीच्या वयात आत्ता कुठे पोहोचते आहे, त्यामुळे "धोका शून्य" असे कोणी म्हणत असेल तर ते मानू नका.

आजीला आजार कोणत्या वयात झाला, हे तुम्ही लिहिलेले नाही. साठीनंतर एकाच नातलगाला झालेला आजार सहसा उपचाराच्या आड येत नाही. पन्नाशीच्या आत किंवा अनेकांना झाला असेल, तर आधी जनुकीय सल्ला घ्यावा. उपचार चालू असताना आयजीएफ-१ वयाच्या मर्यादेत राहील असा डोस ठेवतात. सतत डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा लंगडणे आढळल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

धागाकर्ता

मनापासून आभार. आईची फाइल काढली. निदानाच्या वेळी तिचे वय ६४ होते. मात्र तिच्या धाकट्या भावालाही "पोटाचाच काहीतरी" आजार होता असे ती आज प्रथमच म्हणाली. मामांच्या मुलाला फोन केला आहे, कागद मिळाले की येथे लिहितो.