बँक शुक्रवारी बुडाली, सोमवारी उघडली. आपल्याकडे तीन वर्षं का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. तिथल्या हार्टलँड ट्राय-स्टेट बँकेचा प्रमुख शॅन हेन्स यानं 2023 च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत बँकेचे 47.1 दशलक्ष डॉलर क्रिप्टोच्या भामट्यांच्या घशात घातले. स्वतः फसला आणि गावाची बँक घेऊन बुडाला. चर्चचे पैसे, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, तेही गेले. 28 जुलै 2023, शुक्रवारी बँक बंद झाली आणि तिथलं ठेव विमा महामंडळ, एफडीआयसी, अवसायक (बुडीत बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणारा) म्हणून आत आलं. ठेवी ड्रीम फर्स्ट नावाच्या दुसऱ्या बँकेकडे गेल्या आणि सोमवारी त्याच चार शाखा नव्या मालकाच्या हाताखाली उघडल्या. एकाही ठेवीदाराचा पैसा बुडाला नाही (भागधारकांचा बुडाला). हेन्सला 24 वर्षं 5 महिन्यांची शिक्षा झाली.

आता आपली कराड जनता सहकारी बँक घ्या. पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध नोव्हेंबर 2017 मध्ये आले, परवाना रद्द झाला 7 डिसेंबर 2020 ला. मधली तीन वर्षं बँक धड जिवंत नाही, धड मेलेली नाही. माझं म्हणणं असं, की बँक बुडते त्याहून ती बुडताना बघत बसणं ठेवीदाराला महाग पडतं. वाचणार नाही हे दिसलं की परवाना काढा, ठेव विम्याचे पैसे द्या, विषय संपवा.

ताळेबंद

कृष्णाकाठ, ऐकायला छान आहे, हिशेबात बसत नाही. नागरी बँकेत मी तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. एल्कहार्टला तिजोरी लुटली गेली, कर्जं जागेवर होती. म्हणून तर ड्रीम फर्स्टनं ठेवींबरोबर जवळपास सगळी मालमत्ताही उचलली. तरीसुद्धा विमा निधीला सुमारे 54 दशलक्ष डॉलरचा खड्डा पडेल असा अंदाज त्याच दिवशी दिला होता. आपल्याकडच्या बुडीत बँकेच्या फायली उघडून बघा. एकाच सातबाऱ्यावर दोन बँकांचा बोजा, एका फायलीतला जामीनदार पुढच्या फायलीत कर्जदार, आणि व्हॅल्युएशन करणारा संचालकाचा साडू. असलं लोढणं दोन दिवसांत कोण गळ्यात बांधून घेईल?

आणि कराडला 2017 मध्येच टाळं लागलं असतं तर माणशी किती मिळाले असते? जास्तीत जास्त एक लाख. विम्याची मर्यादा 1993 पासून तिथंच अडकली होती, ती पाच लाख झाली 4 फेब्रुवारी 2020 ला. ज्या तीन वर्षांना तुम्ही नावं ठेवताय, त्यांच्यामुळेच लोकांना पाच लाखांपर्यंत मिळाले.

माहेरवाशीण

काका, ही तर लॉटरी झाली. मर्यादा वाढणार हे 2017 मध्ये कुणाला ठाऊक होतं?

आमची बँक वेगळी, नाव घेत नाही. वडील पेन्शन काढायला गेले तर शटर अर्धं खाली, वर नोटीस, तिचा गोंदही वाळला नव्हता. सहा महिन्यांत खात्यामागे हजार रुपये. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. दवाखान्यासाठी जादा रक्कम मिळते म्हणून अर्ज केला, डॉक्टरांचं पत्र, खर्चाचा अंदाज, सगळं जोडलं. मंजुरी आली तोवर मावशीच्या पाटल्या मोडून ऑपरेशन उरकलं होतं. ठेवीचे पैसे पुढे सगळे मिळाले. पण सोनं तोवर कुठल्या कुठं गेलं होतं, मावशीचे आम्ही अजून देणेकरी आहोत.

मंजूर मंजूर

सगळे रिझर्व्ह बँकेला धरून बसलात. संचालक कुणी निवडून दिले? वार्षिक सभेला आपण जातो मसालेभात, जिलबी आणि स्टीलच्या डब्यासाठी. अहवालात थकीत कर्जाचा आकडा छापलेला असतो, ते पान कोण उलटतं? चेअरमन 'विषय क्रमांक चार' म्हणायच्या आत मागून 'मंजूर, मंजूर' सुरू. मीही ओरडलोय, आयडी उगाच नाही घेतला. एका वर्षी एका मास्तरांनी थकबाकीदारांची नावं विचारली, तर नेमका माईक बंद पडला. तेव्हा आम्ही हसलो होतो. कर्ज घेताना कापून घेतलेल्या शेअर्सच्या पैशाला विमा नसतो, हे टाळं लागल्यावर कळलं.

पिग्मीवाला

मी पिग्मी एजंट होतो, दुकानदारांकडून रोजची छोटी ठेव गोळा करायचो. रोज सत्तर-ऐंशी दुकानं. निर्बंध आल्यावर मॅनेजर केबिनमधून बाहेर येईना, लोकांना सापडायचो मी. चहाच्या टपरीवाल्यानं माझ्या मशीनच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या, वर्षभराच्या. ती अख्खी तार त्यानं माझ्यासमोर काउंटरवर ठेवली, बोलला काहीच नाही. साहेब सांगायचे, 'विलीनीकरणाचं चाललंय म्हणा.' दीड वर्ष मी तेच म्हणत होतो, मग त्या गल्लीतून जायचंच बंद केलं. कृष्णाकाठ यांचं पटतं. 'नाही' ऐकलं की माणूस शिव्या घालून पुढच्या कामाला लागतो. 'बघू' ऐकलं की रोज हेलपाटा मारतो.

पतसंस्थेचा सचिव

मी घाईच्या विरोधात आहे. कराडच्या वेळी रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. ते बरोबरच आहे, पण ती डोकी मोजलेली आहेत. रुपये मोजा. आमच्यासारखी गावची पतसंस्था आपली गंगाजळी सहकारी बँकेत ठेवते. समजा एक कोटी ठेवले. विम्याच्या लेखी आम्ही एक ठेवीदार, म्हणजे पाच लाख. उरलेले 95 लाख अवसायकाच्या वसुलीवर लोंबकळत, आणि त्या वसुलीतून आधी ठेव विमा महामंडळानं वाटलेले पैसे फिटायचे, मग आमचा नंबर. वर आमच्या सभासदांच्या ठेवींना विमा नाहीच, पतसंस्थेला तो लागू नसतो. निम्म्या गावाला हे माहीत नसतं, पाटीवर 'अर्बन' दिसलं की बँकच वाटते. एक बँक बंद होते तेव्हा अशा किती संस्था आतून पोखरल्या जातात, हे कुठल्याच टक्केवारीत येत नाही. चार वर्षं लागोत, पण विलीनीकरण करा.

कृष्णाकाठ

सचिवसाहेब, पीएमसीचं (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक) विलीनीकरणच झालं की. सप्टेंबर 2019 ला निर्बंध, जानेवारी 2022 ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन. पाच लाखांवरच्या ठेवी हप्त्यांनी, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. आणि तुमच्यासारख्या संस्थांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी 80 टक्क्यांचे झाले प्रेफरन्स शेअर्स, म्हणजे रोख नाही, बँकेचे भाग हातात, लाभांश वर्षाला 1 टक्का. एवढ्यासाठी थांबायचं?

ताळेबंद, एक लाखाचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो तुमचा. पण आता ती सबबही उरलेली नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून निर्बंध आले की नव्वद दिवसांत पाच लाखांपर्यंतचे पैसे द्यायचा कायदाच आहे. लहान ठेवीदार मोकळा झाला, की मग बँक ताटकळत ठेवून कुणाचं भलं होतं?

ताळेबंद

नव्वद दिवसांचा कायदा चांगला, त्यावर वाद नाही. भलं वसुलीचं होतं. परवाना गेल्याची बातमी आली की पहिला खूश होतो थकबाकीदार. 'बँकच गेली, आता हप्ता कुणाला भरू?' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, नव्या ट्रॅक्टरला टेकून उभ्या असलेल्या माणसाकडून. दरवाजा उघडा असतो तोवर त्याला नवं कर्ज हवं असतं, नाहरकत दाखला हवा असतो, म्हणून तो भरतो. टाळं लागलं की उरतात वसुलीचे दाखले, जप्त्या आणि कोर्टाच्या तारखा. सचिवांचे 95 लाख त्याच वसुलीतून यायचे आहेत. संचालकांवर सहकार कायद्याच्या कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित होते, पण तोवर निम्म्यांचे बंगले सुनांच्या नावावर झालेले असतात.

माहेरवाशीण

म्हणजे ट्रॅक्टरवाल्यानं हप्ता भरत राहावा म्हणून आम्ही शटरबाहेर थांबायचं?

ताळेबंद

हो ताई. थोडंफार तसंच आहे ते.