आपला माणूस खुर्चीत असला की सरकारची भीती कुठं जाते?

नवीपेठकर
सोलापुरात चार पुतळ्यांजवळच्या टपरीवर रविवारी सकाळी आमचा कट्टा भरतो. परवा जनसुरक्षा विधेयकावरून इतकं जुंपलं की कपातल्या चहावर साय धरली. एक भाजपवाला, एक जुने काँग्रेसवाले (त्यांना सगळे मालक म्हणतात), एक लाल बावट्याचा आणि मी. मी दर निवडणुकीला वेगळं बटण दाबतो, म्हणून घरात माझं नाव बिनबुडाचा तांब्या.

विसरले असाल तर थोडक्यात सांगतो. जुलै २०२५ मध्ये हे विधेयक विधानसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवता येईल, असा त्याचा गाभा. सभागृहात उघड विरोध केला तो डहाणूच्या माकप आमदारानं, विनोद निकोलेंनी. एकट्यानं. मोठ्या विरोधी पक्षांचे लोक संयुक्त समितीत बसून आले होते, त्यांचा आवाज नंतर चढला.

मालक म्हणाले, ही हुकूमशाही आहे. मी म्हटलं, मालक, पोटा, तो दहशतवादविरोधी कायदा, आठवतो का? वाजपेयी सरकारनं २००२ ला आणला, तुमच्या सरकारनं २००४ ला रद्द केला. छान केलं. मग २००८ ला मुंबईवर हल्ला झाला आणि यूएपीए या बेकायदा कारवायांविरोधी कायद्यात जामीन जवळपास अशक्य करणारं कलम तुमच्याच सरकारनं घातलं. भाजपनं तेव्हा पाठिंबा दिला. २०१२ च्या डिसेंबरात त्याच कायद्यात दहशतवादाची व्याख्या आर्थिक सुरक्षेपर्यंत ताणली. गृहमंत्री कोण? आपले सुशीलकुमार शिंदे. सोलापूरचा माणूस दिल्लीत गृहखात्यात बसला म्हणून मी स्वतः पेढे वाटले होते. हे कलम उद्या कुणाच्या हातात पडेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

नेता पक्ष बदलतो तेव्हा आपण त्याला गद्दार म्हणतो. सरकार बदललं की सरकारच्या ताकदीबद्दलचं आपलं मत बदलतं, ते कुठल्या खात्यात धरायचं?

होटगीरोड_७२
@नवीपेठकर, ताकदीशिवाय कामं होत नाहीत. १५ जून २०२३. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, विमानांच्या वाटेत येणारी, पाडली. वर्षानुवर्षं नोटिसा, कोर्ट, मोर्चे, तारखा. मी गच्चीवरून बघत होतो. आधी कंबरेत वाकल्यासारखी झाली, मग धुरळा उठला आणि आवाज त्याच्यामागून आला. शेजारच्या आजींनी हात जोडले, कशाला कोण जाणे. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं. मऊ सरकार असतं तर अजून पंचनामेच चालले असते. सरकार आपलं की त्यांचं, हे मी बघत नाही. काम झालं का, एवढंच बघतो.

ऊसवाला
गच्चीवरून धुरळा बघणं सोपं असतंय. मी सभासद आहे. पाडायच्या आधी पर्यायी व्यवस्था करा, एवढंच आमचं म्हणणं होतं. त्या दिवशी जिकडं बघावं तिकडं पोलीस. पुढच्या हंगामात ऊस लांबच्या एका कारखान्याला घातला. वाहतुकीत आणि काट्यावर किती मार बसला ते माझी बायको सांगेल, वहीत लिहून ठेवलंय तिनं. मोर्चाच्या वेळी सगळ्या पक्षांचे लोक आमच्या गाडीवर चढून बोलले. नंतर त्यातले निम्मे विमानतळाच्या फोटोत.

होटगीरोड_७२
म्हणजे विमानतळ नको होता?

ऊसवाला
हवा होता की बे. तेच तर सांगायलोय.

काळाकोट
एक कायद्याचा मुद्दा राहून जातोय. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ ला ती वाट बंद झाली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. पण एखाद्या आमदाराला पक्ष सोडायचाच नाही, फक्त एका विधेयकावर मनाप्रमाणे मत द्यायचंय, तर? व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला की आमदारकी धोक्यात. गठ्ठ्यानं जाणाऱ्यांना दार आहे, एकट्याला खिडकीसुद्धा नाही. जनसुरक्षेवर सत्ताधारी बाकांवरच्या कुणाला शंका असलीच तर ती त्यानं गाडीत बसून ड्रायव्हरला सांगायची. (माझा ड्रायव्हर नाही, रिक्षावाल्याला सांगतो मी.)

कुंभारीकर
पक्ष न सोडता कुंपण ओलांडलेला माणूस आपल्याच गावात आहे. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान सोलापुरात आले, विडी कामगारांच्या ३० हजार घरांच्या कामासाठी. आडम मास्तरांनी, म्हणजे माकपच्या केंद्रीय समितीच्या सदस्यानं, स्टेजवरून मोदी-फडणवीसांचं कौतुक केलं. पक्षानं त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. मास्तर कुठं गेले नाहीत. १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५ हजार घरं मिळाली.

माझी आजी आयुष्यभर विड्या वळत आली, बोटं अजून तशीच वाकडी आहेत. किल्ली मिळाली तेव्हा तिनं ती पदराला बांधली, रात्री झोपतानाही सोडली नाही. घर कुणी दिलं विचारलं की ती मोदींचं नाव घेत नाही, केंद्राचं नाही, राज्याचं नाही. तेलुगूत एकच शब्द म्हणते, मास्टर.

लालबावटा
आजीला माझा नमस्कार, पण पक्षानं बरोबर केलं. घर हा लढून घेतलेला हक्क आहे. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, मग फाईल हलली. देणाऱ्याचे आभार जाहीरपणे मानले की उद्या मागताना आवाज खाली येतो. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांकडं बघा, ११ वेळा आमदार, सगळ्या वेळा शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष.

काळाकोट
@लालबावटा, तेच गणपतराव १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात मंत्री होते, जनता पक्षाच्या मांडीला मांडी लावून. आणि १९९९ ला काँग्रेस आघाडीच्या सरकारातही. निशाणी तीच ठेवली, शेजार बदलला.

लालबावटा
शेजार बदलणं आणि घर बदलणं एकच का? बरं, याचं उत्तर मला नीट देता येत नाही, रविवारी बोलू.

नवीपेठकर
सगळ्यांचं वाचलं. मालकांना मोबाईलवर वाचून दाखवलं, ते म्हणाले, २००८ वेगळं होतं. भाजपवाला म्हणाला, २०२५ पण वेगळंच आहे. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग शेंगाचटणीचा विषय काढला.

ज्या चार पुतळ्यांखाली आम्ही बसतो, त्या चौघांना सरकारनं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, सारडा. तेही त्या वेळच्या कायद्यानंच.

आणि @ऊसवाला, खोटं कशाला बोलू, मी त्या गोव्याच्या विमानात बसलोय. खिडकीतून कारखाना लगेच सापडला. चिमणीची जागा मात्र बायकोला दाखवता आली नाही.